शाळेच्या ग्रंथालयात सण आणि दिनविशेषांची पुस्तक-मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांची ग्रंथालयं सांभाळणाऱ्यांकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही नवख्यांचे आहेत, काही प्रकरण अंगाशी आल्यावर विचारलेले. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. दिनविशेषाची मांडणी म्हणजे नेमकं काय? फलकावर तक्ता लावला की झालं ना?

तक्ता ही फक्त पाटी. एरवी पुस्तकं फळीवर उभी असतात आणि मुलाला दिसतो तो बोटभर जाडीचा कणा. पातळ चित्रकथांचा तर तेवढाही नाही. मांडणीत तेच पुस्तक मुखपृष्ठ समोर करून, मुलाच्या नजरेच्या उंचीवर ठेवलेलं असतं आणि तिथून उचलून थेट घरी नेता येतं. एवढं जमलं तर फलक नसला तरी चालतं. सुंदर फलक आणि त्याखाली काचेच्या कपाटात कुलूपबंद पुस्तकं, याला मी सजावट म्हणते.

२. मांडणी कधी लावायची आणि कधी काढायची?

त्या दिवशी सकाळी लावली तर उशीर झाला. मूल पुस्तक नेणार, मग वाचणार. तोवर दिवस सरलेला असतो. हिशोब तासिकांवरून करा. प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदा ग्रंथालयात येत असेल तर सगळी शाळा एकदा येऊन जायला एक आठवडा लागतो, पंधरवड्यातून एकदा येत असेल तर दोन. असा एक पूर्ण फेरा त्या दिवसाच्या आधी व्हायला हवा, आणि नंतर चार-पाच दिवस मांडणी राहू द्यावी. तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवली की मुलांना ती भिंतीसारखी दिसू लागते, म्हणजे दिसेनाशी होते. सण उलटून महिना झाला तरी लोंबणाऱ्या झिरमिळ्या हे आळसाचं लक्षण आहे. माझ्याकडेही लोंबल्या आहेत.

३. एका वेळी किती पुस्तकं ठेवावीत?

टेबलावर बारा ते पंधरा आणि तेवढीच मागे राखीव. चार फुटी टेबलावर मुखपृष्ठं समोर करून एका रांगेत चार-पाच पुस्तकं बसतात, तीन पायऱ्या केल्या तर बारा-पंधरा. त्याहून जास्त दाटली की एकही धड दिसत नाही. राखीव गठ्ठा मात्र हवाच. कारण प्रश्न ५ मध्ये.

४. वर्षात इतके दिवस असतात. निवड कशी करायची?

सगळे दिवस पाळायला गेलात तर वेड लागेल. एकट्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दीडशेहून अधिक आंतरराष्ट्रीय दिवस आहेत. २१ मार्च ही तारीखच घ्या : जागतिक काव्य दिन, वन दिन, वांशिक भेदभाव निर्मूलन दिन, डाउन सिंड्रोम दिन आणि नवरोज (इराणी नववर्ष), सगळं त्याच दिवशी. (डाउन सिंड्रोमसाठी ही तारीख मुद्दाम निवडली आहे. या स्थितीत २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख.) २ एप्रिललाही तेच. परीकथा लिहिणारे डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्मदिवस म्हणून १९६७ पासून तो आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन आहे, आणि २००८ पासून ऑटिझम जागृती दिनही.

वर्षाला आठ ते दहा मांडण्या पुरतात. दिवस निवडण्याआधी एक परीक्षा घ्या. दिनदर्शिका बाजूला ठेवा, कपाटांपाशी जा आणि त्या विषयावरची बारा पुस्तकं काढा. नुसती विषयात बसणारी नकोत, तुम्ही स्वतः एखाद्या मुलाच्या हातात आनंदाने ठेवाल अशी हवीत. बारा निघाली तर दिवस घ्या. पाचच निघाली तर प्रश्न ९ पाहा. जलदिन, पर्यावरण दिन असे दिवस इतर विषयांचे शिक्षक तसेही पाळतात. तिथे ग्रंथालयाने वेगळा खटाटोप न करता त्यांच्या उपक्रमाला पुस्तकं पुरवली तरी काम होतं.

५. मांडलेली पुस्तकं मुलांना घरी नेऊ द्यायची का? मग टेबल रिकामं दिसतं.

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर : हो, पहिल्या दिवसापासून.

माझी पहिली मांडणी मी दोन दिवस खपून केली होती. रंगीत कापड, पायऱ्या, कडेने रिबीन, आणि कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात 'कृपया हात लावू नये'. मुलं आली, रिबिनीबाहेर हात मागे बांधून उभी राहिली, गेली. दोन आठवड्यांनी मी तीच पुस्तकं त्याच क्रमाने फळीवर परत लावली. एकाही पुस्तकाच्या देवघेव पट्टीवर नवा शिक्का नव्हता. फळीवर असती तर निदान दोन-तीन तरी गेली असती, कारण तिथे कुणी 'हात लावू नये' लिहिलेलं नव्हतं.

भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला, पुस्तकं वापरासाठी असतात. आज तो बाळबोध वाटतो. पण युरोपात एके काळी ग्रंथालयातली पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय आजही पाहायला मिळतं. माझी रिबीन ही त्या साखळीचीच धाकटी बहीण.

टेबलावर पुस्तक गेलेल्या जागी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवा : पुस्तकाचं नाव आणि खाली 'वाचायला गेलंय'. हवं असल्यास 'पुढचा नंबर कुणाचा?' म्हणून दोन ओळी मोकळ्या सोडा. मुलं तिथे स्वतःहून नावं लिहितात, आणि गेलेल्या पुस्तकाची ओढ समोर दिसणाऱ्यापेक्षा जास्त असते. संवेदनशील विषयांच्या पुस्तकांना मात्र ही नावं लिहिण्याची सोय ठेवू नका (प्रश्न १५).

६. तपासणीला पाहुणे येणार आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, तोपर्यंत एकही पुस्तक देऊ नका.

पहिल्या दिवशी भरलेल्या टेबलाचा फोटो काढून ठेवा, राखीव गठ्ठ्यातून जागा भरत राहा आणि पाहुण्यांना 'वाचायला गेलंय'चे पुठ्ठे दाखवा. तरीही मुख्याध्यापक ऐकत नसतील तर पाहुणे येण्याच्या दिवसापुरतं थांबा. दोन आठवडे नको.

७. पुस्तकं मांडणीत हलवली की फळीवर शोधणाऱ्याला सापडत नाहीत. नोंद कशी ठेवायची?

संगणकावर नोंदी असतील तर पुस्तकाचं 'ठिकाण' तात्पुरतं बदलून 'मांडणी' करा. वर्गांकाला (विषयानुसार पुस्तकाची जागा सांगणाऱ्या आकड्याला) हात लावू नका, नाहीतर परत लावताना घोळ होतो. वही असेल तर दाखल क्रमांकांची यादी देवघेवीच्या टेबलावर ठेवा आणि फळीवर पुस्तकाच्या जागी चिठ्ठी खोचा.

यालाच जोडून विचारतात की एखाद्या सणाची पुस्तकं फळ्यांवर शोधायची कुठे. ड्युई वर्गीकरणात, म्हणजे विषयांना आकडे देण्याच्या पद्धतीत, सण-उत्सव ३९४.२६ ला येतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण धर्मविषयक पुस्तकं २०० च्या गटात असतात, लोककथा ३९८.२ ला, स्वयंपाक ६४१.५ ला, संगीत ७८० ला, कविता ८०० च्या गटात. चरित्रं आणि प्रवासाची पुस्तकं ९०० मध्ये, आणि कथा-कादंबऱ्या बहुतेक ग्रंथालयांत वेगळ्याच कपाटात. मांडणीतला खरा माल या इतर जागांवरूनच येतो. ३९४ वरची पुस्तकं बहुधा 'हा सण का साजरा करतात' छापाची असतात आणि मुलं ती प्रकल्पापुरती उघडतात.

८. दरवर्षी तारीख बदलणाऱ्या सणांचं नियोजन कसं करायचं?

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र आहे, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पूर्वीच्या जागी पोहोचतात. हिंदू, ज्यू आणि चिनी पंचांगं दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून सूर्याशी मेळ ठेवतात, म्हणून दिवाळी, ज्यूंचा हनुका किंवा चिनी नववर्ष साधारण महिन्याभराच्या पट्ट्यातच मागेपुढे होतं. नवरोज वसंतसंपाताला येतो, २० किंवा २१ मार्चच्या आसपास. गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा तशाच उतरवणं हा नेहमीचा घात. ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्यामुळे फलकावर तारीख छापूच नका. सणाचं नाव पुरे. तेवढ्याने फलक पुढच्या वर्षीही वापरता येतो.

काही दिवसांच्या तर देशागणिक तारखा वेगळ्या. बालदिन संयुक्त राष्ट्रांच्या लेखी २० नोव्हेंबरला, भारतात १४ नोव्हेंबरला, जपानमध्ये ५ मेला, तुर्कस्तानात २३ एप्रिलला. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी २३ एप्रिल ठरवला, पण ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या शाळा तो मार्चच्या पहिल्या गुरुवारी पाळतात. इंटरनेटवरून तयार साहित्य उतरवून घेताना ते कोणत्या देशाचं आहे हे आधी पाहा.

९. एखाद्या सणावर आमच्याकडे दोनच पुस्तकं आहेत. काय करू?

आधी प्रश्न ७ मधल्या सगळ्या जागा पालथ्या घाला. मग सार्वजनिक ग्रंथालयाकडून महिन्याभरासाठी पुस्तकं मागा; त्यांवर आपला शिक्का मारू नका आणि परतीची तारीख आतल्या चिठ्ठीवर ठळक लिहा.

तरीही कमी पडली तर विषय रुंद करा. 'नवं वर्ष कधी सुरू होतं?' असा प्रश्न घेतला तर पाच-सहा पंचांगांची पुस्तकं एकत्र येतात, आणि शिवाय खगोलशास्त्राची, ऋतूंची, मोजमापाच्या इतिहासाचीही. मात्र वरवरच्या साम्यावरून मोट बांधू नका. दिवे लावतात म्हणून दिवाळी आणि हनुका एकाच पाटीखाली ठेवले की दोन्हींची गोष्ट हरवते. हनुका जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेची आठवण आहे, आणि दिवाळीच्या कथा तर प्रदेशाप्रदेशानुसार बदलतात. दोन पुस्तकं दोनच म्हणून, एका लहान स्टँडवर नीट ठेवणं जास्त प्रामाणिक.

१०. जागाही नाही आणि पैसेही नाहीत.

एक खुर्ची, एक चाकांची गाडी किंवा फळीचं टोक पुरतं. जुन्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून स्टँड होतो. मुखपृष्ठाला चिकटपट्टी लावू नका, टाचण्या टोचू नका. खिडकीचा कट्टा मोह पाडतो, पण थेट उन्हात मुखपृष्ठांचे रंग काही आठवड्यांत उडू लागतात.

११. मांडणी मुलांकडून करून घ्यावी का?

जरूर. विषय आणि दोन-चार नियम सांगा आणि बाजूला व्हा. जलदिनाच्या मांडणीत सहावीतल्या एकाने एक रहस्यकथा आणून ठेवली. मी विचारलं, यात पाणी कुठे आहे? तो म्हणाला, "प्रेत विहिरीत सापडतं." मी ती राहू दिली. सगळ्यांत आधी तीच गेली, आणि नेणाऱ्या मुलीने तिच्यासोबत भूजलावरचं एक पुस्तकही नेलं.

१२. धार्मिक सणाची मांडणी म्हणजे धर्माचा प्रचार, असं कुणी म्हणालं तर?

फरक बहुतेक वेळा शब्दांत असतो. 'या दिवशी अमुक समाजातले लोक असं करतात, असं मानतात' ही माहिती. 'या दिवशी आपण असं करावं' ही शिकवण. फलकावरचा 'आपला' हा शब्द विशेष तपासा. 'आपला लाडका सण' लिहिलं की ज्याच्या घरी तो सण नाही ते मूल एका शब्दात बाहेर गेलं. मांडणीत पूजेच्या वस्तू, पेटते दिवे, प्रार्थनेचं आवाहन नको.

मूळ धर्मग्रंथ सजावटीसाठी वापरू नयेत. अनेक समाजांत ते कुठे ठेवावेत, कसे हाताळावेत याचे संकेत असतात. ठेवायचेच असतील तर त्या समाजातल्या कुणाला तरी आधी विचारा. खालच्या फळीवर किंवा खेळण्यांच्या गर्दीत तर नकोच. आणि वर्षभराचा ताळेबंद पाहा : एकाच धर्माचे चार सण आणि बाकी सगळ्यांचा मिळून एक, असं असेल तर आक्षेप घेणाऱ्याचं चुकत नाही.

१३. सगळ्याच दिवसांना 'हार्दिक शुभेच्छा' लिहायच्या का?

नाही. दिवसामागे काय घडलं ते आधी वाचा. २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन रंगीत अक्षरं आणि फुग्यांनी सजवतात, पण १९५२ मध्ये त्या दिवशी ढाक्यात बांगला भाषेच्या हक्कासाठी निदर्शनं करणारे तरुण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, त्याची ती आठवण आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांची पुस्तकं मांडणं अगदी योग्य, फुगे नकोत. २१ मार्चचा वांशिक भेदभाव निर्मूलन दिनही तसाच. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, ६९ जण मेले. अशा दिवशी पाटीवर काय घडलं ते एका वाक्यात लिहा. लहान वर्गांसाठी वेगळी, सौम्य पुस्तकं खालच्या फळीवर आणि मोठ्यांची वर ठेवा.

१४. एका पालकांनी सुनावलं, "आमची पुस्तकं फक्त सणालाच बाहेर काढता." त्यांचं बरोबर आहे का?

बहुतेक वेळा हो. वर्षातून दोन आठवडे एखाद्या समाजाची पुस्तकं टेबलावर, उरलेलं वर्ष कपाटात. मुलांना कळतं ते इतकंच की ही माणसं सणासुदीला दिसतात. अमेरिकी अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये एक प्रतिमा दिली : पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी सरकतं काचेचं दार. ज्या मुलाला वर्षातून दोनच आठवडे आरसा मिळतो, त्याला तो जत्रेतला वाटेल.

उपाय फार अवघड नाही. विषय कुठलाही असो, प्रत्येक मांडणीत तीन-चार पुस्तकं अशी घाला ज्यांतली माणसं त्या समाजातली आहेत आणि गोष्ट मात्र वेगळीच आहे : हरवलेलं मांजर, शाळेतला पहिला दिवस, भुताचा वाडा. अवकाशाच्या मांडणीत त्या समाजातल्या शास्त्रज्ञाचं चरित्र. म्हणजे सणाच्या मांडणीवर सगळा भार येत नाही. मांडणी उतरवताना पुस्तकं 'सण' लिहिलेल्या खोक्यात भरून माळ्यावर टाकू नका. आपापल्या वर्गांकावर परत लावा. ते खोकं हेच या तक्रारीचं मूळ असतं.

१५. ऑटिझम, अपंगत्व, मानसिक आरोग्य अशा दिवशी शाळेतल्या एखाद्या मुलाकडे बोटं वळतात. ते कसं टाळायचं?

त्या मुलाला मांडणीचा चेहरा करू नका. त्याने स्वतः मागितलं नसेल तर भाषण नको, फोटो नको, त्याच्या वर्गात मुद्दाम जास्त बोलणंही नको. पुस्तकं निवडताना पाहा की ते मूल गोष्टीत काही करतं की फक्त इतरांना दयाळूपणा शिकवायला आलेलं आहे. दुसऱ्या प्रकारची पुस्तकं बाजारात भरपूर आहेत, आणि ज्यांच्याबद्दल ती असतात त्यांनाच ती सगळ्यांत कमी आवडतात. हाताळायला काही ठेवता आलं तर उत्तम. ४ जानेवारीच्या ब्रेल दिनाला (लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा) ब्रेलमधलं एक पान डोळे मिटून चाचपडताना मुलं हळहळण्याऐवजी कोडं सोडवू लागतात.

दुसरी अडचण उलट्या दिशेची. ज्या मुलाला चिंता, नैराश्य किंवा घरातल्या आजाराबद्दल खरंच वाचायचं आहे, ते सगळ्यांसमोर मधल्या टेबलावरून पुस्तक उचलणार नाही. १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला अशा पुस्तकांच्या आणखी प्रती असतील तर त्या आतल्या, शांत कोपऱ्यातही ठेवा. नोंदवताना पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचू नका, आणि कुणी काय नेलं ते वर्गशिक्षकांच्या गप्पांत जाऊ देऊ नका. शाळेत समुपदेशक असतील तर भेटीच्या वेळेची चिठ्ठी पुस्तकांच्या आत ठेवता येते.

१६. जुनी पुस्तकं मांडावीत का?

ललित असतील तर बेलाशक. माहितीपर असतील तर छपाईचं वर्ष आधी पाहा. ४ ते १० ऑक्टोबरच्या जागतिक अवकाश सप्ताहात (पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक १९५७ मध्ये ४ ऑक्टोबरलाच उडाला) नऊ ग्रहांची पुस्तकं अजून टेबलावर दिसतात. प्लुटोला २००६ मध्येच बटुग्रहांत घातलं, त्याला बराच काळ झाला. जागृती दिनांत ही चूक जास्त बोचते. कालपरवापर्यंत डॉक्टरही वापरत असत असे शब्द आज शिवीसारखे लागतात. मोठ्या वर्गांसाठी जुनं आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून 'काय बदललं?' विचारता येतं, पण तेव्हा तिथे तुम्ही हजर हवं.

१७. मांडणीतल्या एका पुस्तकावर पालकांनी हरकत घेतली. लगेच काढून टाकू का?

लगेच नको. ऐकून घ्या, पुस्तक पूर्ण वाचलंय का ते नम्रपणे विचारा, हरकत लेखी घ्या आणि निवडीचं धोरण दाखवा. धोरण कागदावर नसेल तर हे प्रकरण येण्याआधीच लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) यांचा १९९९ चा शालेय ग्रंथालय जाहीरनामा सांगतो की ग्रंथालयातील साहित्यावर वैचारिक, राजकीय वा धार्मिक नियंत्रण असू नये. धोरणात त्याचा आधार घेता येतो. निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवर. पालक आपल्या मुलापुरतं 'नको' म्हणू शकतात, इतरांच्या मुलांसाठी नाही. तुम्हीच पुन्हा वाचल्यावर पुस्तक खरंच चुकीचं निघालं (प्रश्न १६), तर तसं मोकळेपणी सांगून काढा.

१८. मांडणी यशस्वी झाली हे कसं ओळखायचं? आणि एकाही मुलाने न उचललेल्या पुस्तकाचं काय करायचं?

मांडणी लावताना पुस्तकांची यादी करा आणि प्रत्येकापुढे मागच्या तीन महिन्यांत ते किती वेळा गेलं ते लिहा. उतरवताना मांडणीतला आकडा शेजारी. फोटोला किती जणांनी वाहवा केली हे या वहीत येत नाही.

न उचललेलं पुस्तक आधी जागा बदलून पाहा : खालच्या कोपऱ्यातून मधे, डोळ्यांच्या रेषेत. मग पुढच्या तासिकेत त्याचं एक पान वाचून दाखवा, आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. तरीही नाही गेलं तर संध्याकाळी तुम्ही घरी न्या. मी असं नेलेल्यांपैकी काही पुस्तकं खरोखरच कंटाळवाणी निघाली आणि पुढच्या वर्षी यादीतून गेली. एका पुस्तकाचा मात्र बारीक टाईप आणि मळकं मुखपृष्ठ एवढाच दोष होता. त्याला नवं वेष्टण घातलंय; सध्या ते बाहेर आहे आणि परतीची तारीख उलटून गेली आहे.